उसनं पाणी

देवगडहून ट्रकमधून इंजिन आलं,
सहा सिलिंडरचं, अंगाला खवले चिकटलेलं.
मागोमाग एस्टीनं त्याचा मालक, सावळाराम कुबल.
पुलाच्या शिरोलीत, शेवटच्या शेडमध्ये
आम्ही ते महिनाभर खोललं, घासलं, जोडलं.
आता चालवून दाखवा, म्हणाला.

डिझेल होतं.
बॅटरी होती.
पाणी नव्हतं.

ट्रकच्या इंजिनाला रेडिएटर असतो,
बादलीभर पाण्यात संसार करतं बिचारं.
हे दर्यातलं.
ह्याला वाटतं, पाणी काय, खाली आहेच.
मिनिटाला सव्वाशे लिटर ओढतं, थुंकतं,
पुन्हा ओढतं.
आमचा नळ अर्ध्या इंचाचा,
एक दिवसाआड, तोही पहाटे.

दस्तगीर मुजावरनं तरी पाइप जोडून बघितला.
इंजिन दोनदा खोकलं, धरलं,
आणि पाइप चपटा झाला
ठोकून ठेवलेल्या चपलेच्या पट्ट्यासारखा.
आत रबरी पंखा कोरडाच किंचाळला.
बंद कर, बंद कर म्हणेस्तोवर
जळक्या रबराचा वास शेजारच्या फौंड्रीपर्यंत.

टँकर पाच हजाराचा. हिशोबानं चाळीस मिनिटं.
कुबल म्हणाला, तासभर तरी चालू दे.
बारा वाव पाण्यात बंद पडलं
तर धक्का मारायला कोण उतरणार?

भिंतीवर ती रेघ अजून आहे,
एकोणीस सालची, माझ्या छातीच्या वर.
तेव्हा ह्याच शेडमध्ये इतकं पाणी होतं
की हे इंजिन बसवलं असतं
तर शेडच गेली असती हातकणंगल्यापर्यंत.
मी हे बोललो. कुणी हसलं नाही.

मग तानूबाई खवरे.
शेडमागं तिचा ऊस, उसात विहीर.
दस्तगीर चप्पल काढून बांधावर उभा राहिला.
'किती?'
'सात-आठ हजार लिटर.'
'आणि मग?'
'मग परत.'

ती बघत राहिली.
पीठ दिलं होतं तिनं उसनं, साखर,
एकदा पेरणीला बैल.
पाणी उसनं कुणी मागितलं नव्हतं.
'तेलाचा एक थेंब दिसला हिरीत,
तर इंजिनासकट तुला आत टाकीन.'

रात्रभर पाइप ओढले.
विहिरीतून हौदात, हौदातून इंजिनात.
धुराचं काळं पाणी वेगळं, ड्रममध्ये.
बाकीचं जुन्या पत्र्यांच्या पन्हळीतून
शंभर फूट निवत निवत परत विहिरीत.
सकाळी साडेसहाला, लाइट जायच्या आत, चालू केलं.

कुबलनं पन्हळीत हात धरला,
बाळंतिणीच्या न्हाणीचं पाणी बघावं तसा.
तास झाला तरी काढला नाही.
मग म्हणाला,
'गोडा पाणी पिलां हां.
आता खाऱ्यात नखरे करतलां.'

तानूबाई काठी टेकत विहिरीच्या कठड्याशी आली.
एक बेडूक ऊन पाण्यातून वर येऊन
पायरीवर रागानं बसला होता.
'आलं का समदं परत?'
दस्तगीरचं आयुष्य सुताच्या फरकात गेलेलं.
खोटं बोलायचं त्याला जमेना.
'न्हाई. पाच बादल्या कमी.
थोडी वाफ झाली, थोडं ड्रममध्ये गेलं.'
'लिहून ठेव.'

त्यानं लिहिलं, खडूनं, पुराच्या रेघेच्या वर:
तानूबाई, ५ बादल्या.

दीड महिन्यानं एक ट्रकवाला कॅन टाकून गेला.
वीस लिटर, बूच तारेनं बांधलेलं.
निरोप: एक बादली फिटली, चार राहिल्या.
तानूबाईनं बोट बुडवून जिभेला लावलं, थुंकली.
'हे हिरीत वतू व्हय? ऊस जाळायचाय का माझा?'
आणि पदर तोंडाला लावून
कितीतरी वेळ हसत राहिली.

कॅन कोपऱ्यात आहे.
चाळीस वर्षं बोटींची इंजिनं बांधणारा दस्तगीर
एकदाच बोटीत बसला होता,
बंदराच्या आतच ओकला.
परवा त्यानं बूच उघडून वास घेतला
आणि घाईनं व्हाइस धरला दोन्ही हातांनी.

खडूत अजून पाचच आहेत.